नानांना डिटॉक्स पाहिजे होतं: रावेर पट्ट्यातल्या एका आम्लपित्ताची पूर्ण केस

पेशंट पुरुष, वय ५७, रावेर तालुका, धंदा ड्रायव्हरकी. म्हणजे तीसेक वर्षं केळीची गाडी चालवली आणि आता दीड वर्ष झालं गाडी पोराच्या हातात दिलीय. तक्रारी अशा की रात्री जेवण झालं की छातीत जळजळ, आंबट ढेकरा, कधी कधी घशापर्यंत पाणी येतं, चूर्ण घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही, रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच आणि गुडघे दुखतात. शुगर सहा-सात वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू. केस लिहू का विचारलं तर लिहा म्हणाले पण नाव नको, म्हणून मी नानाच म्हणते, तसंही आमच्याकडे निम्मं गाव नानाच असतं.

आले ते मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर आणि दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं अशा दिवसांत. आल्या आल्या मोबाइल पुढे केला, कुणीतरी सात दिवसांचं फुल बॉडी डिटॉक्स पंचकर्म पॅकेज दाखवत होतं, तेल-बिल कपाळावर सोडलेलं, मागे बासरी. "ताई, हे करून द्या, सगळी घाण एकदाची निघून जाऊ द्या." सोबत नानी होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त कापडी पिशवीतून औषधांचा डबा काढून टेबलावर ठेवला. केस खरी त्या डब्यातून सुरू झाली, पण त्याच्या आधी दुसरं एक काम होतं ते सांगते.

५७ वर्षांचा डायबेटिसचा माणूस छातीत जळजळ होते म्हणतो तेव्हा पहिला विचार ॲसिडिटीचा करायचा नसतो, शुगरच्या पेशंटमध्ये हार्टचं दुखणं जळजळीसारखंच वाटू शकतं. चालताना, जिना चढताना वाढतं का, घाम सुटतो का, डाव्या हातात जातं का, हे सगळं विचारलं, नाही म्हणाले, तरी ईसीजी काढून आणायला पाठवलंच. नाना वैतागले, आयुर्वेदवालीकडे आलो तर हिनेही कागदच काढायला लावले. आणखी विचारलं ते शौचाचा रंग काळा डांबरासारखा होतो का, वजन आपोआप उतरलंय का, घास अडकतो का, उलटीत रक्त पडलं का. यातलं एक जरी हो असतं तर माझ्याकडे बसवूनच घेतलं नसतं. ईसीजी नॉर्मल आला. मग डबा उघडला.

डब्यात मेटफॉर्मिनची पट्टी, चघळायच्या अँटासिडच्या गोळ्या, मेडिकलमधून नुसतं मागून आणलेल्या पेनकिलरच्या गोळ्या (गुडघ्यासाठी, जवळजवळ रोज एक, तीही बऱ्याचदा उपाशीपोटी सकाळच्या चहाबरोबर), अविपत्तिकर चूर्णाचा मोठा डबा, आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या काळपट पुड्या. त्या पुड्या बाजाराच्या दिवशी कुणाकडून तरी घेतलेल्या, "गुडघ्याला एक नंबर, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही."

हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं म्हणून जरा थांबून लिहिते. आयुर्वेदिक औषधाला पण कायदा आहे, १९४० चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्ट त्यालाही लागू होतो, डब्यावर लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख, घटक हे असलंच पाहिजे. कागदातल्या पुडीवर काय असणार? रसशास्त्रातली जी औषधं पारा, शिसं वगैरे धातूंची असतात त्यांच्या शोधन-मारणाच्या (म्हणजे शुद्ध करून भस्म करायच्या) पद्धती आणि मात्रा ग्रंथात अगदी बारकाईने दिल्यात ते उगाच नाही, कारण ते विषच आहे हे ग्रंथकारांनाही माहीत होतं. आणि २००८ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. यात आयुर्वेदाची बदनामी शोधत बसणारे शोधोत, मला तरी त्यात लेबल वाचा एवढंच दिसतं. गुडघ्याच्या पुडीत तर पुष्कळदा स्टिरॉइड घातलेलं असतं, म्हणून तर तिसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो. नाना अधूनमधूनच घ्यायचे, सलग नाही, म्हणून सरळ बंद करायला सांगितलं. महिनोन्महिने रोज घेणारा असता तर अचानक बंद करणंही धोक्याचं, त्याला फिजिशियनच्या हातानेच कमी करावं लागतं.

आता अविपत्तिकर. आम्लपित्ताचं हे नावाजलेलं औषध, मीही देते. पण त्याचा पाठ बघा: सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, बिडलवण, वावडिंग, वेलदोडा, तमालपत्र ही अकरा द्रव्यं एकेक भाग, लवंग एकटी अकरा भाग, मग या सगळ्याच्या दुप्पट निशोत्तर आणि हे सगळं मिळून जेवढं होईल तेवढी साखर. म्हणजे डब्यात निम्मी साखर आणि एक तृतीयांश निशोत्तर, जे जुलाबाचं औषध आहे. नाना चार वर्षांपासून रोज रात्री दोन चमचे मारत होते, कुणी सांगितलं तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसमध्ये कुणीतरी. दोन चमच्यांतल्या साखरेने शुगर आभाळाला जात नाही, ते खरंय, पण शुगरच्या माणसाला आपण रात्री साखर खातोय हेच माहीत नसणं बरं नव्हे. त्याहून मोठी भानगड निशोत्तरची. रोज ढकललं की कोठ्याला ढकलल्याशिवाय हलायची सवयच राहत नाही, मग नाना म्हणतात चूर्णाशिवाय होत नाही, आणि होत नाही म्हणून अजून चूर्ण.

एवढं झाल्यावर नानांनी हात पुढे केला, नाडी बघा म्हणाले. बघितली. लोकांना वाटतं नाडी धरली की परवा काय खाल्लं तेही कळतं, तसं काही नसतं बाबा. नाडी, मूत्र, मल, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे, आकृती अशी आठ ठिकाणी परीक्षा सांगितलीय, नाडी त्यातली एक. नानांची जीभ जास्त बोलली, मागच्या अर्ध्या भागावर पांढरा जाड थर, याला आम्ही साम जीभ म्हणतो, म्हणजे खाल्लेलं नीट पचत नाहीये.

आणि मग प्रश्न विचारायला घेतले, ज्यात पाऊण तास गेला. बाहेर पेशंट खोळंबले होते पण हाच आयुर्वेदाचा गाभा आहे असं मला वाटतं, चूर्ण-काढे नंतर. भूक कधी लागते? कडकडून लागते की नुसती वेळ झाली म्हणून बसता? तहान? घाम? झोप कशी, स्वप्नं कसली? तिखट किती? माणूस मुळात कसा, भडकणारा की थंड? प्रकृती म्हणतात ती याच्यातून कळते. नाना अंगाने सडपातळ, उन्हाचा त्रास पहिल्यापासून, केस तिशीतच पिकलेले, राग नाकावर, म्हणजे पित्ताकडे झुकलेली प्रकृती, त्यावर धंद्याने वात चढवलेला. हे वात-पित्त-कफ काही रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाहीत आणि यायची अपेक्षाही ठेवू नका, शरीराचं वागणं नोंदवायची ती एक जुनी पद्धत आहे, हलणं-कोरडेपणा एका खात्यात, उष्णता-पचन दुसऱ्या, जडपणा-ओलावा तिसऱ्या.

धंद्याने वात कसा चढवला ते ऐका. केळीची घडं एकदा गाडीत भरली की ती थांबत नाहीत, पिकायला लागतात. सावद्याहून-रावेरहून गाडी निघाली की बऱ्हाणपूर, इंदूर करत दिल्लीच्या मंडीपर्यंत हजारावर किलोमीटर, आणि उशीर झाला तर माल नरमला म्हणून व्यापारी भाव पाडणार. मग नाना काय करायचे? लघवी लागली तर पुढच्या टोलनाक्यापर्यंत दाबायची, संडास तर धाबा येईल तेव्हा, भूक लागली तर चहा-बिडी, झोप आली तर तोंडावर पाणी आणि पुन्हा चहा, आणि मग रात्री दीडला धाब्यावर लालभडक शेवभाजी, वरून कच्चा कांदा, लगेच स्टेअरिंग. चरकसंहितेत न धारण करण्याजोगे तेरा वेग सांगितलेत, मूत्र, मल, वारा सरणं, भूक, तहान, झोप, शिंक, ढेकर, जांभई असे, आणि ते दाबले तर कोणकोणते आजार होतात तेही. तेरा वाचून दाखवले तर नाना हसायला लागले, म्हणे ताई, शिंक सोडून सगळे दाबलेत.

पण गाडी सोडून दीड वर्ष झालं की. मग आता तर घरी आराम, जेवण वेळेवर, त्रास कमी व्हायला पाहिजे होता, उलट वाढला, असं का? इथे नानींनी तोंड उघडलं. "कसला आराम? पोराची गाडी मोबाइलवर दिसते ना, ती बघत बसतात. जेवायला दहा, साडेदहा. मग लगेच आडवं. दोनला उठून पोराला फोन, कुठे पोचला, टायर बघ, डोळा लागला का." पोराने गाडीला जीपीएस बसवलंय, त्याचं ॲप नानांच्या फोनमध्ये. तो हिरवा ठिपका नकाशावर थांबला की नानांचा जीव वर-खाली. गाडी पोराने घेतली पण रात्रपाळी नानांचीच चालू राहिली. दोन-अडीचच्या जाग येण्याला आम्ही दोष-धातू (वात-पित्त-कफ आणि रक्त-मांसासारखे शरीराचे घटक) शोधत बसलो असतो आणि कारण निघालं ॲपमध्ये.

सुश्रुताने निरोगी माणूस कोण ते सांगताना दोष, अग्नी (म्हणजे पचनशक्ती), धातू समतोल आणि मलक्रिया व्यवस्थित एवढ्यावर सोडलेलं नाही, मन आणि इंद्रियं प्रसन्न असली पाहिजेत हेही त्याच श्लोकात घातलंय. लोक वेलनेस वेलनेस करतात ना, ते हेच. आणि त्याच सुश्रुताने चिकित्सेची सुरुवात कारण टाळण्यापासून सांगितलीय, निदानपरिवर्जन. कारण चालू ठेवून वरून औषध ओतणं म्हणजे उघड्या नळाखाली फरशी पुसणं.

मग डिटॉक्सचं काय, नाना सोडेनात. त्यांना समजावलं ते असं. पित्तासाठी विरेचन, म्हणजे औषध देऊन जुलाब करवणं, हे पंचकर्मातलं खरं कर्म, पण त्याचा काळ शरद, म्हणजे ऑक्टोबर हीटच्या आसपास, कारण पावसाळ्यात साठलेलं पित्त तेव्हा उसळतं. वमन (उलटी करवणं) वसंतात, बस्ती (एनिमा) पावसाळ्यात. ग्रीष्मात बळ आणि अग्नी दोन्ही उतरलेले, शरीर आधीच सुकतंय, त्यात आमच्या जळगाव जिल्ह्याच्या उन्हात जुलाब करवणं म्हणजे पेशंट सलाइनवर जाणार. इमर्जन्सीची गोष्ट वेगळी, हौसेने तर मुळीच नाही. आणि सात दिवसांत बसतच नाही ते. आधी पचन सुधारायचं, मग औषधी तूप चढत्या मात्रेने तीन ते सात दिवस, मग मालीश-शेक, मग विरेचनाचा दिवस, त्यानंतर पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणणारा संसर्जन क्रम, तोही तीन ते सात दिवसांचा. व्हिडिओतलं पॅकेज म्हणजे मालीश आणि ज्यूस. बरं वाटत असेल, पण त्याला पंचकर्म म्हणू नका.

पेनकिलर रोज आणि एवढी जुनी जळजळ म्हणून जळगावला गॅस्ट्रोकडे, म्हणजे पोटाच्या डॉक्टरकडे पाठवलं, दुर्बीण केली, अल्सर नव्हता पण जठराला सूज आणि ओरखडे होते. त्यांनी काही आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि पेनकिलर बंद. मी त्या गोळ्या बंद करायला सांगितल्या नाहीत, का सांगू? एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.१ आली, किडनी ठीक. बी-१२ पण बघून घेतलं कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असली की ते उतरतं. नानांनी विचारलंच, मेटफॉर्मिन सोडून मधुनाशिनी घेऊ का, शेजाऱ्याची शुगर गेली म्हणे. नाही. डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, शेजाऱ्याला लागू होत नाही हा भाग वेगळा.

माझ्याकडची चिकित्सा ऐकून बऱ्याच जणांची निराशा होईल. जेवण साडेसातला, फार तर आठला, आणि जेवल्यावर शतपावली, आडवं व्हायचं नाही. उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या भाकरीऐवजी उन्हाळाभर नुसती ज्वारीची, उडीद जड आणि पित्त वाढवणारा म्हणून. मुगाचं वरण, दुधी, गिलकी, तोंडली, ताजं गोडसर ताक दुपारी. धने-जिरे भिजवलेलं पाणी. सकाळी चहाच्या आधी काहीतरी पोटात, चहा दोनच. दुपारची झोप? एरवी नको म्हणतो, पण ग्रीष्मात आयुर्वेदानेच सूट दिलीय, थोडी घ्या. नाना एकदम खूश, पहिल्यांदा काहीतरी मनासारखं निघालं. मग भरिताचा विषय आलाच, बामणोदची वांगी आणि हिरवी मिरची सोडायची का कायमची? कायमची कशाला, भरीत हे थंडीचं खाणं आहे, हेमंतात अग्नी तगडा असतो तेव्हा पचतं, आपल्या आज्या काय मे महिन्यात भरिताच्या पार्ट्या करत नव्हत्या. शेवभाजी मात्र बंद.

चूर्ण एकदम बंद केलं असतं तर चौथ्या दिवशी परत आले असते, म्हणून मात्रा हळूहळू उतरवली आणि रात्री कोमट पाण्यात चमचाभर तूप. सकाळी ठरलेल्या वेळी, आलं न आलं, बसायचं, मोबाइल न नेता. ज्येष्ठमध आम्लपित्ताला छान पण नानांचं बीपी वरच्या काठावर होतं आणि ज्येष्ठमधाने बीपी वाढू शकतं, म्हणून टाळलं, शतावरी आणि आवळा दिला. मात्रा मुद्दाम लिहीत नाही, वाचून दुकानात जाणारे असतात. झोपताना तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासायचं, ते काम नानींनी पोरीवर ढकललं. आणि पोराशी फोनवर मीच बोलले, की रात्री दहाला आणि सकाळी सहाला तुझा मेसेज आला पाहिजे, गाडी कुठे आहे एवढं बोलून पाठव, आणि वडिलांच्या फोनमधलं ॲप काढ. पोरगं म्हणालं, ताई, हे कधीचं सांगायचं होतं, मलाच झोप येईना त्यांच्या फोनने.

दोन-तीन आठवड्यांत जळजळ बरीच कमी झाली, यात गोळ्यांचा वाटा, पेनकिलर बंद झाल्याचा वाटा, लवकर जेवणाचा वाटा, कुणाचा किती ते मला वेगळं करून सांगता येणार नाही आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जीभ स्वच्छ झाली. झोप मात्र लगेच नाही आली, ॲप काढल्यावर नाना उलट जास्त बेचैन, पहिले काही दिवस सहाच्या मेसेजसाठी पाचलाच उठून बसायचे. मग घरात एक लग्न निघालं. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, बट्टीवर तूप, पंगत दुपारी साडेतीनला, आणि नाना वरपक्षाकडचे, त्यांना नाही कोण म्हणणार. चार दिवस परत सगळं पहिल्यासारखं, लपून अँटासिड चघळताना नानींनी पकडलं. रागावण्यात अर्थ नव्हता, पेज आणि मुगाच्या कढणावर दोन दिवस ठेवलं, सावरले.

पावसाळ्यात परत बिघडेल असं वाटलं होतं, तेव्हा वाताचा काळ आणि कोठा आखडतो, पण निभावलं. तिसऱ्या महिन्यात एचबीए१सी ७.२. मेटफॉर्मिनची मात्रा फिजिशियनने मध्ये वाढवली होती हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणारे म्हणतील शतावरीने शुगर उतरली. गोळ्या गॅस्ट्रोनेच टप्प्याटप्प्याने बंद केल्या.

ऑक्टोबरमध्ये नाना स्वतःहून आले, आता करा विरेचन, सीझन आला ना तुमचा. तपासलं तर भूक वेळेवर, ढेकर नाही, पोट बहुतेक दिवस आपोआप साफ. तूप पिऊन, शुगरच्या गोळ्या सांभाळत पंधरा-वीस दिवस घालवायला कारणच दिसत नव्हतं. नको म्हटलं. नानांचा चेहरा पडला, पैसे घ्यायला नाही म्हणणारी डॉक्टर त्यांनी बघितली नसावी. चूर्ण अजून आठवड्यातून एकदा-दोनदा घेतात, पण विचारून. गुडघ्याला तेल, शेक आणि फिजिओथेरपीने थोडा उतार आहे, पण उजवा गुडघा जिना उतरताना अजून कटकट करतो, एक्स-रेत झीज दिसतेय, तेव्हा त्याच्यासाठी दिवाळीनंतर ऑर्थोपेडिकची अपॉइंटमेंट घेतलीय.